मूडल: म्हैस फुकट मिळाली, पण धार कोण काढणार?

कॉलेजात नोट्स वाटायची रुळलेली वाट म्हणजे वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. सेमिस्टर संपली की ग्रुप थंड, फोन बदलला की पीडीएफ गायब, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच नोट्स पुन्हा शोधायच्या. ही कटकट मिटवायला निघालेल्या प्राध्यापकांपुढे बहुतेक वेळा दोनच नावं येतात: गूगल क्लासरूम आणि मूडल. नोट्स, असाइनमेंट आणि चाचण्या एका जागी ठेवणारी ही दोन साधनं. क्लासरूम गूगलकडे चालतं, मूडल कॉलेजच्या स्वतःच्या सर्व्हरवर. हे परीक्षण मूडलचं आहे, क्लासरूम तुलनेपुरतं. निकाल आधीच सांगून टाकतो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या तीस-चाळीस प्राध्यापकांच्या कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजनं मूडल जरूर घ्यावं, मात्र ते सांभाळणारा एक माणूस नावानिशी नेमल्याशिवाय घेऊ नये. एकट्या प्राध्यापकानं तर त्या वाटेलाच जाऊ नये, त्याला क्लासरूम पुरतं.

मूडल २००२ साली ऑस्ट्रेलियातून मार्टिन डुगियामास यांनी बाहेर आणलं. मुक्त परवान्याचं असल्यानं ते उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत आणि विद्यार्थी वाढले म्हणून बिल वाढत नाही. सॉफ्टवेअर फुकट आहे हे ऐकून मीटिंगमध्ये माना डोलतात. पण म्हैस फुकट मिळाली तरी गोठा, वैरण आणि धार काढणारा माणूस घरचाच लागतो. इथे गोठा म्हणजे सर्व्हर, वैरण म्हणजे दर वर्षीचं होस्टिंग आणि डोमेनचं नूतनीकरण. धार काढणारा मिळाला नाही की दोन वर्षांत साइट उघडताना 'सुरक्षित नाही' अशी लाल पाटी दिसू लागते. आवृत्ती निवडताना सगळ्यात ताजीच हवी हा हट्ट नको. ऑक्टोबर २०२४ ची ४.५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळतात. तिला पीएचपी (मूडल ज्या संगणकीय भाषेत लिहिलंय ती) ८.१ ते ८.३ लागतं. होस्टिंगवाल्याला पैसे देण्याआधी एवढा एक प्रश्न विचारावा.

सर्व्हरवर नेमक्या तीन गोष्टी नडतात, आणि त्या दर ठिकाणी त्याच असतात. पहिली, क्रॉन. ठरलेली कामं मागच्या मागे उरकणारा हा गडी दर मिनिटाला जागा झाला पाहिजे. तो झोपला तर सूचनांचे ईमेल जात नाहीत एवढंच होत नाही. चाचणीची वेळ संपली की उघड्या पानावरचा पेपर आपोआप जमा होतो, पण ज्याचा फोन मध्येच बंद पडला त्याचा पेपर क्रॉन गोळा करतो. क्रॉन बंद असेल तर तो पेपर 'चालू आहे' याच अवस्थेत लटकत राहतो, गुणपत्रिकेत डॅश दिसतो, आणि विद्यार्थी 'सर, मी दिला होता पेपर' म्हणत स्टाफरूमच्या दारात उभा राहतो.

दुसरी, फाइलची मर्यादा. पीपीटी चढत नाही ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. मूळ पीएचपीमध्ये एका फाइलला २ एमबी आणि एका वेळच्या एकूण पाठवणीला ८ एमबी अशी मर्यादा असते. ती वाढवली तरी पुढे साइटची मर्यादा, कोर्सची मर्यादा आणि त्या विशिष्ट असाइनमेंटची मर्यादा अशा आणखी तीन चौक्या आहेत. चारींतली सगळ्यात लहान जी असेल ती लागू होते. त्यामुळे 'मी तर ५० एमबी केलंय' असं म्हणणारे सर आणि '२ एमबीच्या वर जात नाही' असं म्हणणारी विद्यार्थिनी दोघंही खरं बोलत असतात.

तिसरी, साइटचा पत्ता. मूडलच्या कॉन्फिग फायलीत एकच पत्ता लिहिलेला असतो. काही कॉलेजं लॅबमधल्या जुन्या डेस्कटॉपवरच मूडल बसवतात. चाचणीपुरतं ते बरं चालतं, इंटरनेट गेलं तरी लॅबच्या आतल्या जाळ्यावर पेपर होतो. पण त्या मशीनला कायमचा आयपी दिला नसेल, तर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलतो आणि पान उघडतच नाही. मशीनला यूपीएस लावावाच, वीज अचानक गेली तर डेटाबेस दुखावतो. रॅमचा ढोबळ हिशेब असा की १ जीबीला एकाच वेळी १० ते २० जण. म्हणजे बी.कॉम.च्या १२० जणांनी सकाळी अकराला एकदम 'स्टार्ट' दाबलं तर ८ जीबीसुद्धा धापा टाकणार. चाळीस-चाळीसचे तीन गट करून दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं पेपर उघडला तर तेच मशीन निमूट चालतं.

विद्यार्थ्यांची नावं भरणं हे कारकुनी काम, पण पहिला आठवडा इथेच जातो. सीएसव्ही फायलीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी) युजरनेम म्हणून पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, घालावा, तो बदलत नाही. एक्सेलमध्ये तो रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्यावा, नाहीतर एक्सेल सुरुवातीचं शून्य गिळतं आणि लांब आकड्याचं रूप परस्पर बदलतं. फाइल सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडावा, साध्या सीएसव्हीत मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. मूडल एका ईमेलवर एकच खातं देतं. दोन भावंडं एकाच कॉलेजात, घरात ईमेल एकच, अशी नावं यादीतून गळतात. सेटिंगमध्ये त्याला परवानगी देता येते, ती द्यावी. पासवर्डची मूळ अट ऐकून हसू येईल: किमान आठ अक्षरं, त्यात एक लहान, एक मोठं, एक आकडा आणि एक चिन्ह. मोबाइलच्या कीबोर्डवर हे टाइप करताना पहिल्या वर्षाची निम्मी मुलं तिथेच अडतात. अट जरा सैल करावी, पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायची सक्ती मात्र ठेवावी.

ईमेलवर फार भिस्त ठेवू नये. 'अनाउन्समेंट्स' या कोर्सच्या सूचनाफलकाला सगळा वर्ग आपोआप जोडलेला असतो. १२० जणांना दिवसात पाच सूचना म्हणजे ६०० ईमेल, आणि साध्या जीमेल खात्याची दिवसाची मर्यादा ५०० आहे. पाचवी सूचना बहुतेकांना मिळतच नाही. मोबाइल ॲपच्या फुकट योजनेत फोनवर आपोआप झळकणाऱ्या (पुश) सूचना ५० चालू उपकरणांपर्यंतच जातात. थोडक्यात, 'उद्या तास नाही' हे सांगायला व्हॉट्सॲपच बरं.

मूडल जिथे खरोखर पैसे वसूल करून देतं (पैसे दिलेच नाहीत, पण तरी) ती जागा म्हणजे प्रश्नपेढी. विषयाच्या घटकांप्रमाणे कप्पे करायचे, प्रत्येकात तीस-चाळीस प्रश्न टाकायचे, आणि चाचणी लावताना 'घटक १ मधून कोणतेही पाच, घटक २ मधून कोणतेही पाच' असं सांगायचं. शेजारी बसलेल्या दोघांना वेगळे प्रश्न, वेगळा क्रम, तपासणी आपोआप. क्लासरूमला गूगल फॉर्म जोडून प्रश्न आणि पर्यायांचा क्रम बदलता येतो, पण घटकवार साठ्यातून प्रत्येकाला वेगळे प्रश्न निवडून देणं फॉर्मच्या अंगी नाही. विभागातल्या चौघांनी सेमिस्टरला पन्नास-पन्नास प्रश्न घातले तर वर्षाअखेर ४०० होतात, आणि इंटर्नलच्या आदल्या रात्रीची धावपळ थांबते.

प्रश्न एकेक करून मूडलच्या खिडकीत टाइप करण्याचा द्राविडी प्राणायाम करू नये. 'एकेन' नावाची अगदी साधी मांडणी आहे, ती नोटपॅडमध्ये होते. पहिल्या ओळीत प्रश्न, समजा, 'करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के राखीव जागांचा जाहीरनामा कोणत्या वर्षी निघाला?' पुढच्या चार ओळींत पर्याय: १८९४, १९०२, १९१७, १९२०. प्रत्येकाच्या आधी इंग्रजी मोठं अक्षर ए, बी, सी, डी, मग टिंब, मग एक मोकळी जागा. शेवटच्या ओळीत 'आन्सर' हा इंग्रजी शब्द सगळा कॅपिटलमध्ये, कोलन, मोकळी जागा आणि बरोबर पर्यायाचं अक्षर, इथे बी. त्यानंतर एक ओळ सोडून पुढचा प्रश्न. हे बिघडतं ते तीन ठिकाणी. पर्यायांना सवयीनं अ, ब, क, ड घातलं तर मूडल ते ओळखत नाही. वर्डमधून उचलताना लांब प्रश्न दोन ओळींत तुटला तर आयात थांबते. आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली नसेल तर सगळं मराठी बाद. आयात करताना मूडल चुकीची ओळ दाखवतं, तेवढी दुरुस्त करून पुन्हा चढवायची. पन्नास प्रश्न चढायला एक मिनिटही लागत नाही. आकृत्या मात्र एकेनमध्ये येत नाहीत, भौतिकशास्त्राच्या सरांनी त्या नंतर हातानं जोडाव्यात.

मराठीत 'एका शब्दात उत्तर द्या' हा प्रकार लावताना जपून. मूडल उत्तर अक्षरशः पडताळतं. 'ॲ' हे अक्षर एका कीबोर्डवरून सलग एक अक्षर म्हणून येतं, दुसऱ्यावरून 'अ' अधिक चंद्र असं जोडून. 'ऱ्य'ही दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो, आणि बरोबर उत्तराला शून्य मिळतं. तसंच देवनागरी आकड्यांतलं १९०२ आणि इंग्रजी आकड्यांतलं तेच वर्ष ही मूडलच्या लेखी दोन वेगळी उत्तरं. असे प्रश्न लावायचेच असतील तर मान्य उत्तरांच्या यादीत सगळी रूपं भरावीत. नाहीतर बहुपर्यायीच बरे.

याच्याच आधीचं दुखणं फाँटचं. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र या विभागांतल्या वीस-वीस वर्षांच्या नोट्स श्रीलिपी, कृतिदेव किंवा सुरेख फाँटमध्ये अडकलेल्या असतात. स्क्रीनवर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो मजकूर मूडलमध्ये चिकटवला की कचरा उमटतो. पीडीएफ करून चढवली तर दिसायला ठीक, पण शोध चालत नाही आणि फोनवर अक्षर मोठं केलं की ओळी पडद्याबाहेर. उपाय एकच: यूनिकोड, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. रूपांतर करणारी साधनं नेटवर फुकट मिळतात, पण रूपांतरानंतर वाचून काढणं चुकवता येत नाही. रफार आणि अर्ध्या र-ची अदलाबदल होते. 'आचाऱ्यास जेवायला वाढले' चं 'आचार्यास' झालं तर स्वयंपाकघरातला माणूस थेट आश्रमात जाऊन बसतो. नोट्सची फाइल हरवून फक्त छापील प्रत उरली असेल, तर पानाचा स्वच्छ फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून तो 'गूगल डॉक्स'नं उघडावा. खाली यूनिकोड मजकूर तयार होतो. फोटो सरळ हवा, सावली नको, आणि फाइल २ एमबीच्या आत ठेवावी. छापील मराठी तो चांगलं वाचतो, हस्ताक्षरावर भरवसा ठेवू नये. या एका युक्तीनं जितके ज्येष्ठ प्राध्यापक तंत्रज्ञानाकडे वळतील तितके कुठल्याही दोन दिवसांच्या कार्यशाळेनं वळणार नाहीत.

आता पावसाळा. जुलै-ऑगस्टात पंचगंगा पात्राबाहेर आली की कोल्हापूर-गगनबावडा रस्ता बंद होतो. शाहूवाडी, राधानगरी, चंदगडकडच्या वाड्यांवर एरवीही नेटवर्क दोन काड्यांवर असतं. इथे मूडल क्लासरूमपेक्षा उजवं ठरतं, पण सेटिंग नीट केलं तरच. चाचणी चालू असताना उत्तरं साधारण दर मिनिटाला आपोआप जतन होतात, त्यामुळे रेंज गेली तरी लिहिलेलं सगळं वाहून जात नाही. ॲपमधून कोर्स आधी उतरवून घेतला तर नोट्स रेंजशिवाय वाचता येतात. चाचणीसुद्धा रेंजशिवाय सोडवून रेंज आल्यावर पाठवता येते. अट अशी की चाचणीच्या सेटिंगमध्ये 'मोबाइल ॲपवर ऑफलाइन' ला मुभा द्यावी लागते, आणि वेळेची मर्यादा ठेवता येत नाही. म्हणजे सरावाच्या चाचणीला ही सोय उत्तम, गुण मोजायच्या इंटर्नलला निरुपयोगी.

व्हिडिओ मूडलवर चढवू नयेत, मग ते कितीही आग्रहानं कोणी सांगो. ४५ मिनिटांचा तास २५०० केबीपीएसनं (सेकंदाला २५०० किलोबिट) रेकॉर्ड केला तर सुमारे ८४० एमबी होतो. फळ्याऐवजी स्लाइड आणि आवाज एवढंच असेल तर ७२० पिक्सेल आणि ८०० केबीपीएस भरपूर झाले, तोच तास २७० एमबीत बसतो. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवून मूडलमध्ये फक्त दुवा द्यावा. रेकॉर्डिंगला ओबीएस स्टुडिओ हे फुकट साधन पुरतं. त्यात फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवावा. साध्या एमपी४ मध्ये मध्येच वीज गेली की सगळा तास वाया जातो, एमकेव्हीत वीज जाईपर्यंतचा भाग शाबूत राहतो, आणि नंतर ओबीएसच्याच 'रीमक्स'नं दोन मिनिटांत एमपी४ करून घेता येतं. पंख्याखाली बसून रेकॉर्ड करू नये. पंख्याचा आवाज वर्गात ऐकू येत नाही, इअरफोनमध्ये फक्त तोच ऐकू येतो.

असाइनमेंट गोळा करण्यात क्लासरूम सरस आहे, हे मान्य करायलाच हवं. फोटो काढला, जोडला, झालं. मूडलमध्ये त्यालाच चार टिचक्या जास्त लागतात. शिवाय मूडलमध्ये दोन तारखा असतात आणि त्या एकच वाटतात. 'ड्यू डेट' उलटली तरी असाइनमेंट घेतली जाते, फक्त उशिराचा शिक्का बसतो. दार खरोखर बंद होतं ते 'कट-ऑफ डेट'ला. ती चालू करायला विसरलात तर दिवाळीनंतरही असाइनमेंट येत राहतात.

कोर्स दुसऱ्याला देणं हा या खरेदीचा खरा मुद्दा. एकाच अभ्यासक्रमाचा पेपर वेगवेगळ्या कॉलेजांत शिकवणारे दोघं प्राध्यापक एरवी एकमेकांच्या नोट्स मागत नाहीत, मागितल्या तर पेन-ड्राइव्ह व्हायरससकट येतो. मूडलमध्ये अख्खा कोर्स, म्हणजे घटकांची मांडणी, नोट्स, दुवे, चाचण्या आणि त्यांतले प्रश्न, 'एमबीझेड' नावाच्या एका फायलीत बांधता येतो आणि दुसऱ्या मूडलवर तसाच्या तसा उलगडतो. बॅकअप घेताना 'इन्क्लूड एनरोल्ड यूजर्स' ची खूण आधी काढावी. ती राहिली तर नोट्सबरोबर तुमच्या वर्गातल्या मुलांची नावं, ईमेल आणि गुणही शेजारच्या कॉलेजात पोचतात. घेणाऱ्याची आवृत्ती देणाऱ्यापेक्षा जुनी असेल तर फाइल उलगडण्याची खात्री नाही, म्हणून पाठवण्याआधी आवृत्ती विचारून घ्यावी.

आणि जे देतो ते आपलं आहे का, हेही पाहावं. क्रमिक पुस्तकाची स्कॅन केलेली पानं कोर्समध्ये असतील तर ती वाटणीच्या प्रतीतून काढावीत. नेटवरच्या साहित्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा शिक्का असला की ते हवं तसं वापरता येतं हाही गैरसमज आहे. शिक्क्यात 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' असेल तर मूळ जसंच्या तसं वाटता येतं, पण त्याचं मराठी भाषांतर करून वाटता येत नाही. आपल्याकडे नेमकी गरज भाषांतराचीच असते, म्हणून 'बीवाय' (मूळ लेखकाचं नाव द्या) किंवा 'बीवाय-एसए' (नाव द्या आणि त्याच परवान्यानं वाटा) हे शिक्के शोधावेत.

पडद्यावरच्या मराठीबद्दल दोन शब्द. मूडलचा मराठी भाषासंच आहे, पण अर्धवट. निम्मी बटणं मराठीत, निम्मी इंग्रजीत दिसतात. विद्यार्थ्यांना त्यानं फार फरक पडत नाही, प्राध्यापकांना मात्र मदतीचं पान आणि समोरचा पडदा जुळत नाही. प्राध्यापकांची खाती इंग्रजीवरच ठेवावीत.

प्रशिक्षणाबद्दल आमचं मत जरा कडवट आहे. आयक्यूएसीची (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाची) कार्यशाळा, प्रमुख पाहुणे, चहा-बिस्किटं, प्रमाणपत्र, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात एक ओळ. दुसऱ्या दिवशी कोणी लॉगिन करत नाही. त्याऐवजी विभागवार तीन बैठका, प्रत्येकी दीड तास, सहापेक्षा जास्त माणसं नकोत. पहिल्या बैठकीला प्रत्येकानं स्वतःच्या वीस प्रश्नांची फाइल घेऊन यावं आणि ती चढवूनच उठावं. दुसरीला स्वतःच्या नोट्स यूनिकोडमध्ये. तिसरीला चाचणी लावून सहकाऱ्यांनीच ती विद्यार्थी म्हणून सोडवायची. समजावून सांगणाऱ्यानं माउसला हात लावायचा नाही, हा नियम कडक पाळावा. 'सर, द्या इकडं, मी करतो' म्हणत माउस ओढून घेतला की शिकणं तिथेच संपतं.

राहता राहिला तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचा प्रश्न. त्यांनी वैयक्तिक जीमेलवरून क्लासरूम काढलं असेल तर वर्गाची मालकी बदलता येते, पण त्यांच्या ड्राइव्हवरून जोडलेल्या फायली त्यांच्याच नावावर राहतात. नेमणूक संपली, ड्राइव्ह साफ केला, की वर्ग रिकामा. मूडलमध्ये कोर्स कॉलेजच्या सर्व्हरवर राहतो, नव्या माणसाला 'टीचर' ही भूमिका दिली की काम झालं. मात्र जाणाऱ्याला त्याच्या कोर्सची एमबीझेड, विद्यार्थ्यांची नावं वगळून, शेवटच्या दिवसाआधी हातात द्यावी. पुढच्या जूनमध्ये ते इचलकरंजीत किंवा गडहिंग्लजला तोच पेपर शिकवत असतील, आणि प्रश्न त्यांनीच काढलेले असतात.